सर्जाच्या तेराव्याची पत्रिका

आमच्या घरात बोलणारी माणसं दोन. एक मी, दुसरी माझी सून रेणुका. फरक एवढाच की तिला बोलायला लोकांनी मतं देऊन पाठवलंय आणि मी फुकट बोलते.

रेणुका आमदार आहे. विरोधी पक्षाची. निवडून आली त्या दिवशी गुलाल झाडता झाडता मी तिला म्हणाले, "निवडून यायचंच होतं तर सरकारातून तरी यायचंस. आता पाच वर्षं नुसतं भांडत बसायचं."

"आत्याबाई, भांडायचंच काम असतंय ते," ती म्हणाली. "सरकारनं काय केलं, काय न्हाई केलं, उभं राहून इचारायचं. तुम्ही घरात तेच करता की रोज."

मी तिला चहा टाकायला सांगितला. आमदार झाली म्हणून चहा सुटत नसतो.

आमचं गाव कर्नाटकात, ठाणाकुशनूरपासून तीन कोसांवर. वेशीपाशी जनावरांचा दवाखाना उभा आहे, दोन वर्षं झाली. हिरवा रंग, पांढरी किनार, वर कन्नडात हातभर पाटी. सगळं आहे, डॉक्टर तेवढा नाही. दाराला कुलूप. खिडकीला नाक लावून बघितलं की आत टेबल दिसायचं, दुकानातून आलं तसं प्लास्टिकात गुंडाळलेलं. पोरंसोरं त्या पायरीवर बसून गोट्या खेळायची.

रेणुकानं घरात सांगून ठेवलं होतं, "त्या इमारतीपुढं आपल्यापैकी कुणी उभं राहून फोटो काढून घ्यायचा न्हाई. फोटो निघाला की हे लोक दवाखाना चालू झाला म्हणून लिहून द्यायला मोकळे."

मी म्हणाले, "आम्हाला काय कळत न्हाई व्हय?"

आता जे सांगते ते मी सहा महिने पोटात दाबून ठेवलं होतं.

आमच्या गावात बैलांचा सण कारहुणवीला असतो. म्हणजे ज्येष्ठातल्या पुनवेला. पलीकडं महाराष्ट्रात सोयरे आहेत, त्यांच्याकडं श्रावणातल्या अमावस्येला पोळा. ते पोळ्याला आम्हाला बोलावतात, आम्ही कारहुणवीला त्यांना. पण आमच्या वेशीतून पोळ्याला बैल निघाल्याचं माझ्या सासूनं बघितलं नाही आणि मीही नाही.

तर कारहुणवीचा दिवस. आमची जोडी, सर्जा आणि राजा. सर्जा पांढराशुभ्र, डावं शिंग जरा आत वळलेलं, कपाळावर रुपयाएवढा तांबूस ठिपका. सकाळपासून मी आणि माझा लेक माउली दोघं त्यांच्याच मागं होतो. शिंगांना हिंगूळ, पितळी शेंब्या, माझ्या हातची आरसेवाली झूल, कपाळाला बाशिंग. रेणुका बेंगळूरला गेलेली. तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. उतरला कोण, तर हणमंतप्पा. सरकारी पक्षाचा तालुका अध्यक्ष. माणूस वाईट नाही, फक्त जिकडं सत्ता तिकडं त्याचं तोंड असतं. बरोबर जनावरांच्या खात्याचा एक साहेब, प्रशांतकुमार नावाचा, इस्त्रीच्या शर्टात.

"अक्का," हणमंतप्पा म्हणाला, "सगळा औराद तालुका फिरून आलो. असली जोडी न्हाई बघितली. साहेबांना एक फोटो पाहिजे, दवाखान्यापुढं."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात तो साहेब सर्जाकडं बघत कन्नडात म्हणाला, "अम्मा, हे बैल आहेत का देवळातल्या मूर्ती?"

तोंड मिटलं. पाच मिनिटांत मी पदर नीट करून, सर्जाचा कासरा धरून दवाखान्यापुढं उभी. साहेबानं गळ्यात डॉक्टरची ती नळी अडकवली आणि सर्जाच्या पोटावर हात ठेवला. सर्जाला मुद्दाम असा उभा केला की त्याच्या वशिंडामागं कुलूप झाकलं जावं. मला हे दिसत होतं. पण सर्जा फोटोत कसा दिसेल याचा विचार जास्त होता.

संध्याकाळी फोटो माउलीच्या मोबाइलवर आला. काय सुंदर आला होता. मी माउलीला बजावलं, "बायकोला कळलं तर तुझी भाकर बंद."

"माय, मी कुणाला सांगायला जातोय," तो म्हणाला. बिचारा दोन बायकांच्या मध्ये राहून शहाणा झालाय.

महिन्यानं, आषाढात, सर्जाचं पोट फुगलं. कोवळं गवत जास्त खाल्लं असावं. सकाळी साताला बघितलं तर डावी कूस ढोलासारखी. औरादच्या डॉक्टरला फोन केला, तो रजेवर. उदगीरचा खाजगी डॉक्टर निघाला, पण त्याला यायला दोन तास. सर्जाला चालतं ठेवा म्हणाला. आम्ही चालवत चालवत वेशीपर्यंत नेला. का नेला, देव जाणे. दवाखान्याकडं पाय आपोआप वळतात. सर्जा त्या पायरीपाशी बसला तो उठला नाही. डॉक्टर आला तेव्हा म्हणाला, अर्धा तास आधी एक सुई टोचून वारा काढला असता तर वाचला असता.

मी त्या दिवशी कुणाशी बोलले नाही. गावाला ते सर्जाच्या जाण्यापेक्षा मोठं नवल वाटलं.

तेरा वर्षं घरात राबलेला जीव. मी त्याचा तेरावा घातला. आमच्याकडं काही घरांत घालतात. पत्रिका छापल्या, अर्धी मराठीत, अर्धी कन्नडात, कारण भालकीकडचे पाहुणे मराठी वाचतात आणि कलबुर्गीकडचे कन्नड. पत्रिकेवर फोटो पाहिजे होता आणि सर्जाचा धड फोटो एकच होता. तोच. माउलीनं औरादच्या छापखान्यात बसून साहेबाला कापून काढला. उरला सर्जा, कासऱ्यावरचा माझा हात आणि सर्जाच्या पोटावरची साहेबाची चार बोटं. ती काही केल्या निघेनात.

रेणुकानं पत्रिका बघितली. "फोटो लई छान आलाय, आत्याबाई. कुठं काढला?"

"अंगणात," मी म्हणाले.

तेराव्याला साताठशे माणूस जेवलं. हणमंतप्पाला मान म्हणून पत्रिकेत 'प्रमुख उपस्थिती' लिहिलं होतं. आला, सर्जाच्या फोटोला हार घातला आणि माईक हातात घेऊन म्हणाला, "सर्जा हा पक्षभेद विसरून राबणारा बैल होता." मग बुंदीच्या ताटावर बसला तो तीनदा वाढून घेऊनच उठला.

रेणुका त्या दिवशी हात धुताना एवढंच म्हणाली, "हे मी सभागृहात इचारणार."

इचारलं तिनं. डिसेंबरात अधिवेशन बेळगावला भरतं. तिचा प्रश्न लागला त्या दिवशी आमच्या घरी टीव्हीपुढं बायकांची ही गर्दी. शेजारची सुमनबाई तर शेंगा निवडायला घेऊनच आली होती. रेणुका उभी राहिली, निळं इरकल नेसून. कन्नड तिचं आधी जरा अडखळायचं, आता घोड्यासारखं पळतं. म्हणाली, "सरकारनं लेखी उत्तर दिलंय की आमच्या गावचा दवाखाना चालू आहे, डॉक्टर एक ऑगस्टपासून हजर आहे. हे खोटं आहे. दाराला कुलूप आहे. सरकार या सभागृहाला फसवतंय."

मंत्री उठला. गोरा, गोल, हसरा. हातात भलामोठा फोटो.

"अध्यक्ष महाराज," तो म्हणाला, "मराठी बांधवांचा पोळा श्रावणी अमावस्येला असतो. त्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी दवाखान्यात शिबिर घेतलं. हा फोटो बघा. बैल कुणाचा? सन्माननीय सदस्यांच्या सासूबाईंचा. कासरा धरून कोण उभं आहे? स्वतः सासूबाई!"

सुमनबाईच्या हातातलं सूप खाली आलं. "अगं बाई, सुभद्राबाई, ह्या तर तुम्हीच की!"

टीव्हीत तिकडची माणसं बाकं बडवून हसायला लागली. मंत्री म्हणाला, "घरच्यांनी उपचार घ्यायचे आणि सुनेनं दवाखाना बंद म्हणायचं. त्यांनी शब्द मागे घ्यावेत, माफी मागावी."

रेणुका त्या फोटोकडं बघत राहिली. शेवटी अध्यक्षांनी सांगितलं, "परवापर्यंत पुरावा द्या. नाहीतर शब्द मागे घ्या."

मी टीव्ही बंद केला. सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. "काय बघायलात? शेंगा निवडा," मी म्हणाले. पण आवाजात नेहमीचा दम नव्हता. गावापुढं मी कुणाला भीत नाही. पण सून माझ्यामुळं राज्यापुढं हात जोडून माफी मागणार, हे काही गिळवत नव्हतं.

दिवेलागणीला तिचा फोन आला. मी दुपारभर काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. हणमंतप्पानं फसवलं, साहेबानं जबरदस्ती केली, मला डोळ्यांना कमी दिसतंय.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तो हात तुमचा हाय का?"

ठरवलेलं सगळं विसरले. "हाय."

"कामून गेलात?"

"त्यांनी म्हटलं, तालुक्यात असली जोडी न्हाई."

ती म्हणाली, "बरं. मी माफी मागते उद्या-परवा. पण निदान श्रावणात डॉक्टर आला होता हे मला कळवायचं तरी. मी खोटी पडले."

"श्रावणात कोण आलं? कुणी न्हाई आलं. मी कारहुणवीला गेले होते. आपल्या गावात पोळा कधीपासून असतोय?"

"मंत्री म्हणंल, यंदा केला असंल. तारखेचं काय सांगावं, आत्याबाई? झुली घातलेला बैल कुठल्याही दिवशी सारखाच दिसतोय."

आता मात्र मला राग आला. "सारखा? अगं डोळे हायत का खाचा? वळलेलं शिंग दिसलं न्हाई? कपाळावरचा ठिपका? सर्जा हाय तो! सर्जाला तू सारखा म्हणायलीस?"

"सर्जा?" ती म्हणाली. मग हळूच, एकेक शब्द तोडून, "आत्याबाई, सर्जा तर आषाढात गेला."

"मग तेच तर सांगायले."

"म्हणजे आषाढात गेलेल्या बैलावर यांनी श्रावणात उपचार केले."

तेवढ्यात मला आठवलं. "रेणुका, पत्रिकेवरचा फोटो हाच गं. माउलीनं साहेब कापला. बोटं राहिली."

फोनमध्ये आधी खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मला वाटलं रडायली. हसत होती. एवढी हसत होती की तिला बोलता येईना.

"मोबाइलवर पाठवते," मी म्हणाले.

"मोबाइलवरचं न्हाई चालायचं. म्हणतील हिनंच बनवलं. छापलेला कागद पाहिजे, छापखान्याच्या नावासकट."

पत्रिका साताठशे वाटल्या होत्या, घरात उरली एक. सर्जाच्या घुंगरांच्या डब्यात, घडी न घालता ठेवलेली. मी म्हणाले, "ती मी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार न्हाई. मीच आणते."

सकाळी उजाडता उजाडता माउलीनं गाडी काढली. कलबुर्गीत नाश्ता, विजापुरात जेवण, आणि दिवसभर पत्रिका माझ्या मांडीवर. पिशवीत ठेव म्हणाला तर ठेवली नाही. खड्ड्यात गाडी आपटली की मी आधी पत्रिका धरायची, मग डोकं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मला वर सज्जात बसवलं. दारातल्या शिपायानं नियम सांगितले. बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, हात करायचा नाही. माउली हसायला लागला. "माय, हे तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

"गप. तेवढं कळतंय मला."

खाली रेणुका उभी राहिली. हातात पत्रिका. आवाज चढवला नाही की मेजावर हात आपटला नाही. घरी माझ्याशी बोलते तशीच बोलली, म्हणजे धोकादायक.

"मंत्रिमहोदयांनी दाखवलेला फोटो खरा आहे. कासरा माझ्या सासूबाईंच्याच हातात आहे. मी एकच विचारते. फोटो कधी काढला?"

"श्रावणी अमावस्येला, ऑगस्टात," मंत्री म्हणाला.

"नक्की?"

त्यानं मागं बघितलं. कडेच्या कोपऱ्यात अधिकारी बसतात, तिथून चिठ्ठ्या येतात. एक आली. त्यानं वाचली. "नक्की."

"मग ही पत्रिका बघावी. जुलै महिन्यात छापलेली. खाली छापखान्याचं नाव आहे. तिच्यावर हाच फोटो आहे. तेच वळलेलं शिंग, तोच ठिपका, तोच सासूबाईंचा हात. पोटावर ही चार बोटं दिसतात, ती तुमच्या अधिकाऱ्याची. आणि पत्रिका कशाची आहे? या बैलाच्या तेराव्याची. सरकारनं ज्याच्यावर उपचार केले तो बैल त्याच्या महिनाभर आधीच वारला होता."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं सभागृह हसत सुटलं. सरकारची माणसंसुद्धा. मंत्र्याकडं दुसरी चिठ्ठी आली. त्यानं ती उलटीसुलटी करून बघितली.

"पत्रिका घरी छापलेली असू शकते," तो म्हणाला. "तेरावा झालाच याला साक्षीदार कोण?"

मी खाली असते तर त्याला तिथंच सोलला असता. ओठ दातात धरून बसले. माउलीनं माझं मनगट पकडून ठेवलं होतं.

"साक्षीदार आहेत," रेणुका म्हणाली. "पत्रिकेतच छापलेत. प्रमुख उपस्थिती, श्री. हणमंतप्पा, तुमच्याच पक्षाचे तालुका अध्यक्ष. त्यांनी हार घातला, भाषण केलं, बुंदी तीनदा घेतली. त्यांना फोन करून विचारा. आणि मालकीण हवी असेल तर ती वर बसली आहे."

सगळं सभागृह मान वर करून बघायला लागलं. बोलायचं नाही, हात करायचा नाही, हे मला पाठ होतं. उभं राहायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. मी उभी राहिले. पदर सारखा केला, फोटोत केला होता तसाच. शिपाई धावत आला.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "सज्जातल्या माणसांचा उल्लेख करायचा नसतो, सदस्यांनी लक्षात ठेवावं," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "अम्मा, कूत्कोळ्ळी." बसा, अम्मा. एवढ्या मानानं मला बसायला आजवर व्याह्यांनीसुद्धा सांगितलं नव्हतं. बसले.

मग रेणुका हळू आवाजात म्हणाली, "अध्यक्ष महाराज, हसून झालं. आता एक ऐकावं. तो बैल त्या दवाखान्याच्या पायरीवर मेला. दाराला कुलूप होतं. आत टेबल होतं, बाहेर बैल होता, मधे डॉक्टर तेवढा नव्हता. मला माफी मागायला सांगितली होती. मी कुणाची मागू, ते सरकारनं सांगावं."

तिसरी चिठ्ठी आली. मंत्र्यानं ती न वाचता खिशात घातली. माणूस अगदीच वाया गेलेला नसावा. म्हणाला, "मला चुकीची माहिती दिली गेली. चौकशी करतो. सदस्यांनी शब्द मागे घ्यायची गरज नाही. डॉक्टर लवकरात लवकर देतो."

"तारीख," रेणुका म्हणाली.

"लवकरच."

"तारीख, मंत्रिमहोदय. तारखेचा घोटाळा एकदा झालाय."

पुन्हा हशा. "संक्रांतीच्या आत," तो म्हणाला, आणि अध्यक्षांनी ते लिहून घ्यायला लावलं.

बाहेर आल्यावर रेणुकाभोवती टीव्हीवाले. ती सगळ्यांतून वाट काढत माझ्याकडं आली आणि वाकून पाया पडली. मी म्हणाले, "राहू दे. आधी शिव्या दे, मग पाया पड. सहा महिने लपवलं तुझ्यापासून."

"दिल्या असत्या," ती म्हणाली. "पण तुम्ही गेला नसता तर फोटो निघाला नसता, आणि फोटो नसता तर यांचं खोटं मी कशानं पकडलं असतं?"

"म्हणजे मी केलं ते बरं केलं?"

"तसं न्हाई म्हणले मी, आत्याबाई."

"तसंच म्हणालीस. माउली, ऐकलंस ना?"

माउली गाडी पुसायला निघून गेला.

"एक सांगू?" रेणुका म्हणाली. "तालुक्यात असली जोडी खरंच नव्हती."

मी पदरानं डोळे पुसले. बेळगावात वारं फार असतं.

संक्रांतीच्या तीन दिवस आधी डॉक्टर आली. नेत्रावती नाव, धारवाडकडची, एवढीशी पोरगी. मला वाटलं ही बैलाला काय धरणार. तिनं पहिल्याच दिवशी कुलूप तोडलं, टेबलावरचं प्लास्टिक फाडून टाकलं आणि दुपारपर्यंत अकरा जनावरं तपासली. हणमंतप्पा नारळ घेऊन हजर. "अक्का, मीच पाठपुरावा केला. राजाला आणा, डॉक्टरसाहेबांबरोबर एक फोटो होऊन जाऊ दे."

"हणमंतप्पा," मी म्हणाले, "बुंदी खाऊन जा. फोटो न्हाई."

राजाला घेऊन मी सगळ्यांच्या शेवटी गेले. जोडीदार गेल्यापासून तो जरा खंगलाय. डॉक्टरनं त्याला सुई दिली, कानामागं खाजवलं आणि खिशातून मोबाइल काढला.

"अम्मा, जरा कासरा धरून उभ्या राहा. आता प्रत्येक जनावराचा फोटो वर पाठवावा लागतो. नवा नियम आलाय."

मी कासरा धरला, पदर सारखा केला, राजाची मान सरळ केली. मग म्हणाले, "थांब पोरी. त्या फोटोवर तारीख कुठली पडणार ती आधी मला दाखव."